आमच्या घराला शोभेल असा उंदीर

बदलापुरात आमच्या भागातल्या निम्म्या बायकांच्या फोनमध्ये माझ्या नवऱ्याचा नंबर आहे. दुसऱ्या कुठल्या बायकोने हे वाक्य इतक्या शांतपणे लिहिलं नसतं, पण माझा इलाज नाही. तो नंबर ‘सापवाले दादा’ या नावाने सेव्ह केलेला असतो. नवरा अंबरनाथ एमआयडीसीत फिटर आहे, ते पगारापुरतं. उरलेला सगळा वेळ तो सर्पमित्र असतो. कोणाच्या मोरीत, जिन्याखाली, स्कूटरच्या डिकीत साप निघाला की फोन वाजतो आणि हा भरल्या ताटावरून उठतो. मी आजारी पडले तेव्हा ‘क्रोसिन घे’ म्हणणारा माणूस दिवडासाठी पळत सुटतो, आणि दिवड हा साधा पाणसाप, चावला तरी काही होत नाही. पण ते जाऊ दे.

आमची सोसायटी उभी आहे तिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत भात लावायचे. माणसांनी पत्ता बदलला, सापांना कोणी कळवलं नाही. त्यामुळे पावसाळ्यात आठवड्याला दोन-तीन फोन ठरलेले. पकडलेला साप नवरा उशीच्या अभ्र्यात घालतो. सुती असतो, हवा खेळते, गाठ पक्की बसते, असं त्याचं म्हणणं. लग्नात माझ्या आईने मोरांचं भरतकाम केलेले सहा अभ्रे दिले होते. त्यातल्या चारांवर आजवर माणसाने डोकं टेकलेलं नाही.

गाठ मारलेला अभ्रा बाल्कनीतल्या झाकणाच्या बादलीत ठेवायचा, वनखात्याला कळवायचं आणि एका दिवसाच्या आत चामटोलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला नेऊन सोडायचा. धुतलेले रिकामे अभ्रे बाल्कनीतल्या खिळ्याला टांगायचे. भरलेला बादलीत, रिकामा खिळ्याला. आमचा संसार या एका नियमावर टिकून आहे.

आता मुलीचं सांगते. ती दहा वर्षांची आहे, पाचवीत. गेल्या वर्षी वाढदिवसाला तिने सोसायटीतल्या आठ मैत्रिणींना बोलावलं. मी दुपारपासून वेफर्स, समोसे, फुगे, सगळं मांडून बसले. सहा वाजता एकीच्या आईचा मेसेज, ताप आलाय. मग दुसरीला ताप, तिसरीला क्लास, चौथीचा मामा आला. साडेसहापर्यंत आठपैकी सात पोरींना काही ना काही झालं होतं. एक मात्र आली, तळमजल्यावरची. तिने दारातच चप्पल न काढता केक खाल्ला, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, “आत्ता किती आहेत?” साप, म्हणजे. एकही नव्हता. तरी ती उंबऱ्याच्या आत आली नाही. मुलगी त्या दिवशी रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने सात समोसे परत डब्यात भरले आणि म्हणाली, “आजीला उद्या डब्यात देऊ.” आजी कुठे जाते डबा घेऊन!

मला या बायांचा इतका राग येतो ना! साप निघाला की ‘दादा, लवकर या, तुमच्या पाया पडते’, आणि पोरगी खाली खेळायला गेली की ‘तुमच्याकडे कसं राहता हो तुम्ही?’ अगं, तुझ्याच घरातला साप असतो तो! आमच्या घरी काय त्याचं माहेर आहे?

यंदा वाढदिवसाच्या दोन महिने आधी मुलगीच म्हणाली, “आई, मला एक प्राणी पाहिजे. मऊ. हातात घेता येईल असा. तो बघायला तरी येतील.”

तिने तिचा तिचा विचार करून ठेवला होता. कुत्रा सोसायटीत चालत नाही. मांजराच्या केसांनी आजीला धाप लागते. मासे बघायला कोणी येत नाही. ससा नको, कारण बी विंगमधल्या एकीकडे ससा आहे आणि दुसरा ससा बघायला कोण येणार? म्हणजे उरलं उंदरासारखं काहीतरी. गोंडस व्हिडिओ असतात तसलं.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि हातातली कांद्याची पात खाली टाकली. त्या मूळच्या इथल्याच, शेतकरी घरातल्या. “मी जल्मात आयकला नाय, उंदीर इकत आनल्याला! आमच्या कनगीतला भात खाऊन खाऊन त्यांनी आमाला उपाशी ठेवला, नि तुमी त्याला आता गादी घालनार?”

“आई,” नवरा म्हणाला, “शंकराच्या घरी बघ. बापाच्या गळ्यात नाग, पोराच्या पायाशी उंदीर. भागतंच ना त्यांचं?”

सासूबाई दर श्रावणी सोमवारी अंबरनाथच्या देवळात रांग लावतात. त्यांनी पात परत उचलली. निवडता निवडता म्हणाल्या, “ते देव हायेत. त्यांच्याकडं पारवती हाय घर सांबालाया.” आणि माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही.

खरं तर इथेच विषय संपायला हवा होता. पण माझ्या नवऱ्याला साप आणि सापाचं जेवण या दोन विषयांवर कोणी काही विचारलं की तो वर्षभराचं बोलणं एका बैठकीत करतो. पुढचे आठ दिवस आमच्याकडे जेवताना दुसरी गोष्ट नव्हती. लोक मुलीसाठी स्थळ बघतात तसा हा उंदीर बघत होता. पांढरा उंदीर नको, तो धामणीच्या एका घासाचा. “तो पाळायचा म्हणजे बाल्कनीला ‘जेवण तयार आहे’ अशी पाटी लावायची.” हॅमस्टर लहान आहे, पिंजऱ्याच्या फटीतून निसटतो, आणि सगळं जग झोपलं की चाक फिरवत बसतो. खार तर कायद्यानेच पाळता येत नाही. शेवटी गाडी गिनीपिगवर येऊन थांबली.

“बिनशेपटीचा मोठा उंदीर समज,” तो मुलीला म्हणाला. “पूर्ण वाढला की आपल्याकडे येणाऱ्या सापांपैकी अजगर सोडला तर कोणाच्या तोंडात मावणार नाही.”

“अजगर आपल्याकडे किती वेळा आलाय?” मी विचारलं.

“दोनदा.”

“दोनदा? मला एकदाचा माहितीये!”

तो भात कालवू लागला. मी मुद्दाम पुढे काही विचारलं नाही, कारण त्या दुसऱ्या वेळी मी माहेरी होते आणि अजगर माझ्या बेडरूममध्ये नव्हता याची मला खात्री हवी होती, जी मिळाली नसती.

मग मी माझी अट घातली. प्राणी आला की साप घराच्या आत येणार नाही, बाल्कनीतली बादली जाऊन तिथे कुलपाची पेटी येईल आणि बाल्कनीच्या दाराला जाळी लागेल. तो लगेच हो म्हणाला. मला संशयच आला. “सापांचा प्रश्न नाही गं,” तो म्हणाला, “ते एक दिवसाचे पाहुणे. खरा प्रश्न वासाचा आहे. माझ्या कपड्यांना, त्या अभ्र्यांना, सगळ्याला सापाचा वास आहे. आपल्याला येत नाही, पण उंदराच्या जातीला येतो. घाबरट निघाला तर खाणंपिणं सोडेल. मरेलही. मग हिचं काय?”

मुलीचा चेहरा एवढासा झाला. तिने वाढदिवसाच्या आमंत्रणाची कार्डं करायला घेतली होती, त्यावर उंदरासारखं एक तोंडही काढलं होतं.

“म्हणून,” नवरा म्हणाला, “दुकानातच परीक्षा घ्यायची. सापाचा अभ्रा प्रत्येकाच्या नाकाशी धरायचा. जो घाबरणार नाही, तो आपला.”

मला तेव्हा हे अगदी पटलं. लग्नाला बारा वर्षं झाली की असं होतं.

रविवारी सकाळी उल्हासनगरला जायचं ठरलं. तिथे एका सिंधी शेठचं पशुपक्ष्यांचं जुनं दुकान आहे. निघायच्या तासभर आधी शेजारच्या बिल्डिंगमधून फोन, बुटात साप. नवरा गेला आणि कवड्या घेऊन आला. कवड्या म्हणजे करंगळीएवढा, बिनविषारी, पण मण्यारीसारखा दिसतो म्हणून लोकांची दातखीळ बसते. अभ्र्यात घातला, गाठ मारली, बादलीत ठेवला आणि हा आंघोळीला गेला. इथवर सगळं नियमाने झालं.

पण सासूबाईंना गोधडी भिजवायची होती आणि त्यांना तीच बादली पाहिजे होती. झाकण उघडलं तर आत एक चुरगळलेला अभ्रा. एवढासा साप, त्याला वजन ते काय! त्यांनी तो काढला आणि खिळ्याला अडकवला. मी घाईघाईत आले आणि खिळ्यावरचा पहिला अभ्रा पर्समध्ये कोंबला. तिघं बाइकवर बसून निघालो, मुलगी मध्ये. अंबरनाथ मागे पडेपर्यंत केमिकलच्या वासाने डोळे चुरचुरत होते आणि माझ्या मांडीवर पर्समध्ये एक साप होता. मला वाटलं, खड्ड्यांमुळे पर्स हलतेय.

दुकान म्हणजे एक लांबट बोळ. दोन्ही बाजूंना पिंजरे, वर पोपट, खाली कुत्र्यांच्या खाण्याची पोती. शेठ खुर्चीतून उठले. “आओ साईं, आओ दीदी, क्या दिखाऊँ?”

नवऱ्याने सरळ सांगितलं, “घर में साप आते रहते हैं. चूहे जैसा कुछ चाहिए, पर सोच के लेना पड़ेगा.”

शेठचा चेहरा खुलला. “अरे, तो पहले बोलो ना! कितने फुट का है? छोटा है तो ये सफेद बच्चे ले जाओ, बड़ा है तो ये वाला. डझन में लेना, ताजा माल है.”

मुलीने माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. माझं डोकंच फिरलं. “भाईसाब,” मी म्हटलं, आणि माझा आवाज पोपटांच्या वर गेला, “ये साप का खाना नहीं है! ये मेरी लड़की का दोस्त है! दोस्त डझन में लेते हैं क्या?”

शेठनी कान पकडले. मुलीसाठी स्टूल पुसून दिलं. मग नवऱ्याने परीक्षेचं समजावलं आणि मला म्हणाला, “अभ्रा दे.” मी काढून दिला. त्याने तो आधी पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्याशी धरला. आतले उंदीर एकमेकांच्या डोक्यावर चढून मागच्या कोपऱ्यात गेले, नुसता ढीग झाला. “नापास,” मुलगी म्हणाली. हॅमस्टरपाशी नेला. ते जागच्या जागी थिजले, मिशासुद्धा हलेना. “नापास.”

शेवटच्या पिंजऱ्यात एकच गिनीपिग उरली होती, पांढरी-तपकिरी, एका डोळ्याभोवती काळा डाग. शेठ म्हणाले, जोडीतली दुसरी कालच गेली, “और ये अकेली नहीं रहती बेटा, उदास हो जाती है. इसको कोई साथ मांगता.”

“मी आहे ना,” मुलगी लगेच म्हणाली.

नवऱ्याने अभ्रा गजांना टेकवला. गिनीपिग तुरुतुरु पुढे आली, वास घेतला आणि अभ्र्याचं टोक तोंडात धरून चावायला लागली. माझ्या आईने घातलेला मोर, त्याचा तुरा गेला. नवरा हरखून म्हणाला, “हीच! बघितलंस? हिला कशाचंच काही नाही!” आणि मग तो खाली वाकला. तो अभ्र्याच्या गाठीकडे बघत होता.

“अगं, धुतलेल्याला गाठ कशी?” त्याने अगदी हळू विचारलं.

“मला काय माहीत! तुम्हीच मारली असेल.”

“हो,” तो म्हणाला. “मीच मारलीये. सकाळी.”

तेवढ्यात अभ्रा मधोमध हलला. मी किंचाळले नाही, हे मी शपथेवर सांगते. शेठ किंचाळले. साठीचा माणूस, पोट सुटलेलं, पण बघता बघता पोत्यांच्या थप्पीवर जाऊन उभा. “वडी साईं! जिंदा है क्या?” पोपट ओरडायला लागले, कोपऱ्यातलं कुत्र्याचं पिल्लू भुंकायला लागलं, आणि गिनीपिग मात्र तुरा संपवून मोराच्या मानेला लागली होती. नवऱ्याने तिच्या तोंडातून अभ्रा सोडवला, गाठ तपासली आणि “जरा बाहेर थांबतो” म्हणून पुढारी निघाल्यासारखा ऐटीत बाहेर गेला. मुलगी स्टुलावर बसून पोट धरून हसत होती. कितीतरी दिवसांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं, म्हणून मला कोणावर ओरडताही येईना.

शेठनी पोत्यावरूनच व्यवहार केला. गिनीपिग खोक्यात घालून दिली आणि हात जोडून म्हणाले, “दीदी, भगवान भला करे, पर वापस मत आना.” आम्ही पायरी उतरलो, तर मागून हाक. “साईं! सुनो! अपना नंबर दे के जाओ. पीछे नाले से मेरे गोडाऊन में भी निकलता है.” घ्या! इथेही तेच. नंबर सगळ्यांना हवा असतो.

गिनीपिग आमच्याकडे अशी रुळली की जणू आम्हीच तिच्याकडे राहायला आलो. फ्रिज उघडला की शिट्टी मारल्यासारखी ओरडते. कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज तिला दोन खोल्या पलीकडून कळतो. सासूबाई पहिले दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसल्या, तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर कोथिंबिरीची देठं एकेक करून भरवत होत्या. “टाकूनच देयाची होती,” मला म्हणाल्या. चौथ्या दिवशी देठं संपली आणि पानं सुरू झाली. आमच्या आमटीला तेव्हापासून कोथिंबीर नाही.

आणि मुलगी संध्याकाळी तिला भाजीच्या टोपलीत घालून खाली पार्किंगमध्ये नेऊ लागली. काय सांगू, जत्रा! आठच्या आठ पोरी धावत आल्या. मला दे, मला दे, पाच-पाच मिनिटांचे नंबर लावले. माझी मुलगी मधे उभी राहून कोणी किती वेळ धरायची ते ठरवायची. पंधरा दिवस हे रोज चाललं. साडेसात वाजले की टोपली उचलून ती वर यायची, एकटीच. एकदा मी आतून ऐकलं, ती गिनीपिगला सांगत होती, “तू खालीच आवडतेस त्यांना.” मी ओट्यावरची कढई उगाच दोनदा घासली.

वाढदिवसाला आठ दिवस उरले असताना तिने कार्डं वाटायला घेतली. मी कोथिंबिरीची जुडी घेऊन बाजारातून येत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली उभ्या होत्या. बाई वाईट नाहीत. त्यांच्या गॅसच्या सिलेंडरमागे नाग निघाला होता, तेव्हा पोरीला कडेवर घेऊन त्या ओट्यावर अर्धा तास उभ्या होत्या. नवऱ्याने नाग धरला आणि आधी त्यांना हात देऊन खाली उतरवलं. ती भीती त्यांच्या मनातून गेली नाही, ते मी समजू शकते. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात आहे.

काकूंनी कार्ड घेतलं, वाचलं, टोपलीतल्या गिनीपिगच्या डोक्यावरून बोट फिरवलं आणि फार मायेने म्हणाल्या, “बाळा, मी काय म्हणते, हिला आमच्याकडेच ठेव ना. तुमच्याकडे सारखे साप. मुका जीव बिचारा, किती भीत असेल गं तिथे! आमच्याकडे सेफ राहील. वाढदिवसही आमच्याकडेच करू, हवं तर.”

मुलीने त्यांच्याकडे बघितलं.

“पण काकू,” ती म्हणाली, “मी पण तिथेच राहते.”

तिच्या आवाजात राग नव्हता. टोमणे मारायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे. काकूंना ही गोष्ट माहीत नसावी असं वाटून तिने ती फक्त सांगितली. काकूंचं बोट गिनीपिगच्या डोक्यावर तसंच राहिलं. गेली तीन वर्षं भाजी चिरताना या बाईला काय काय सुनवायचं ते मी पाठ केलं होतं, आणि त्यातला एक शब्द मला आठवेना. मी तिथेच, दोन स्कूटरच्या मधे उभी राहून रडले. जुडीही हातात तशीच.

वाढदिवसाच्या दिवशी पावणेसहाला बेल वाजली. दारात काकू, त्यांची मुलगी आणि मागे आणखी पाच जणी. दोघी आल्या नाहीत, खोटं कशाला बोलू! काकूंचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. “येऊ ना?” त्यांनी विचारलं. “या की,” मी म्हटलं. त्या आल्या आणि सोफ्यावर मांडी घालून, दोन्ही पाय वर घेऊन बसल्या. नवऱ्याने त्यांना पाणी दिलं आणि बाल्कनीतली पेटी रिकामी आहे हे कोणी न विचारता तीनदा सांगितलं. सासूबाईंनी एक पाट आणून सोफ्यापुढे ठेवला, पाय खाली सोडायचे झाले तर जमिनीला लागू नयेत म्हणून.

पोरी एकमेकींना ढकलत आत आल्या. “कुठाय ती? दाखव ना! कुठे ठेवलीस?” गिनीपिगने पिशव्यांचा आवाज ऐकून कोपऱ्यात शिट्ट्या सुरू केल्याच होत्या. सगळ्या तिकडे वळल्या, तशी माझी मुलगी पुढे होऊन पिंजऱ्यासमोर उभी राहिली आणि तिने काकूंच्या मुलीचा हात धरला.

“ती नंतर,” म्हणाली. “आधी आत चला. मी कुठे झोपते ते दाखवते.”